‘संशयाचा फायदा देऊन निर्दोष मुक्तता’ म्हणजे नेमकं काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे : बांधावरच्या भांडणातून २०१९ साली धाकट्या भावावर भारतीय दंड संहितेच्या कलम ३२४, ५०४, ५०६ आणि ३४ खाली गुन्हा दाखल झाला. पाच वर्षं तारखा चालल्या. शेवटी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांनी ‘संशयाचा फायदा देऊन’ त्याची निर्दोष मुक्तता केली. भाऊ आता पोलीस भरतीची तयारी करतोय. गावात काही जण म्हणतात, ‘सुटला खरा, पण बाइज्जत नाही सुटला.’ वकील ‘दोषमुक्त’ म्हणाले, निकालात ‘निर्दोष मुक्त’ लिहिलंय. हे सगळं एकच का? आणि भरतीच्या अर्जात काय लिहायचं?

दादा, तुमचा भाऊ कायद्याच्या दृष्टीने पूर्ण निर्दोष आहे. अर्धा नाही आणि डाग ठेवूनही नाही. ही गोष्ट आधी घरात सगळ्यांना, विशेषतः आईवडिलांना, नीट सांगा. भरतीच्या बाबतीत मात्र थोडी काळजी घ्यावी लागेल. ती का, हे कळण्यासाठी या शब्दांचा अर्थ एकदा सविस्तर समजून घ्यावा लागेल, म्हणून उत्तर लांबणार आहे. मी तालुका आणि जिल्हा न्यायालयांत सत्तावीस वर्षं फौजदारी खटले चालवतोय. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात घरचे लोक हाच प्रश्न विचारतात : ‘साहेब, सुटला म्हणजे नेमकं काय झालं?’

शब्दांचा गोंधळ तुमचा नाही, तो मराठीत खरोखरच आहे. इंग्रजीतल्या ‘अ‍ॅक्विटल’साठी कायद्याच्या मराठी अनुवादात ‘दोषमुक्ती’ हा शब्द वापरतात. ‘डिस्चार्ज’साठी तिथे ‘विनादोषारोप सोडणे’ असा लांबलचक शब्दप्रयोग आहे. तो उच्चारायला जड, म्हणून वृत्तपत्रांनी आणि बऱ्याच वकिलांनीही तो सोडून दिला आणि डिस्चार्जलाच ‘दोषमुक्त’ म्हणायला सुरुवात केली. एखाद्या पुढाऱ्याने ‘दोषमुक्तीसाठी अर्ज’ केल्याची बातमी तुम्ही वाचता, तेव्हा तो अर्ज जवळजवळ नेहमी डिस्चार्जचा असतो. म्हणजे एकच शब्द पुस्तकात एका अर्थाने आणि पेपरात दुसऱ्या अर्थाने वापरला जातो. मी स्वतः अशिलांशी बोलताना ‘दोषमुक्त’ हा शब्द टाळतो. खटला पूर्ण चालून सुटला तर ‘निर्दोष मुक्तता’, आणि खटला सुरू होण्याआधीच सुटला तर सरळ ‘डिस्चार्ज’ म्हणतो. अनुवादातला ‘दोषमुक्ती’ हा शब्द मला आणखी एका कारणाने खटकतो. त्यातून आधी दोष होता आणि मग तो काढला, असा भास होतो. ‘निर्दोष मुक्तता’ या शब्दांत माणूस आधीपासूनच निर्दोष आहे आणि आता फक्त मोकळा झालाय, हा अर्थ आहे. कायद्याची भूमिकाही नेमकी तीच आहे.

दोन्हींतला फरक नुसता शब्दांचा नाही. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केलं की न्यायालय आधी कागदपत्रं बघतं. खटला चालवण्याइतकाही आधार दिसला नाही तर आरोपीला तिथेच सोडून देतं. सत्र न्यायालयात हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २२७ खाली व्हायचं, दंडाधिकाऱ्यांपुढे पोलिसांच्या दोषारोपपत्रावरच्या वॉरंट खटल्यात (म्हणजे दोन वर्षांहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्याच्या खटल्यात) कलम २३९ खाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तीच कलमं २५० आणि २६२ झाली. हा डिस्चार्ज. यात साक्षीदार पिंजऱ्यात आलेला नसतो, उलटतपासणी झालेली नसते. त्यामुळे उद्या नवा पुरावा सापडला तर त्याच माणसावर पुन्हा कारवाई होऊ शकते.

निर्दोष मुक्तता खटल्याच्या शेवटी येते. आरोप निश्चित झाले, आरोपीने ‘गुन्हा कबूल नाही’ म्हटलं, फिर्यादी, पंच, डॉक्टर आणि तपास अधिकारी येऊन गेले, कलम ३१३ खाली न्यायालयाने पुराव्याबद्दल आरोपीलाच प्रश्न विचारून त्याचा जबाब घेतला, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद झाले आणि मग न्यायाधीशांनी कारणं देऊन निकाल लिहिला, असा हा सगळा प्रवास असतो. तुमच्या भावाच्या निकालात शेवटी कलम २४८(१) चा उल्लेख असेल, कारण वॉरंट खटल्यात निर्दोष मुक्तता त्या कलमाखाली होते. नव्या संहितेत ते २७१ आहे. खटला जुन्या काळातला असल्याने निकालात जुनंच कलम दिसलं तर गोंधळू नका. या मुक्ततेमागे कलम ३०० चं संरक्षण आहे, नव्या संहितेत ते ३३७. एकदा सक्षम न्यायालयाने निर्दोष सोडलं की त्याच गुन्ह्यासाठी त्याच माणसावर पुन्हा खटला भरता येत नाही. डिस्चार्ज म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे, असं स्पष्टीकरणही त्याच कलमात जोडलेलं आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(२) चं नाव लोक घेतात, पण तो अनुच्छेद खटला चालून शिक्षा झालेल्याला दुसऱ्यांदा शिक्षा होऊ नये यासाठी आहे. निर्दोष सुटलेल्याला खरा आधार कलम ३०० देतं.

आता ‘संशयाचा फायदा’ या शब्दांकडे येतो. माझ्या मते या दोन शब्दांनी आपल्याकडे फार माणसं दुखावली आहेत.

फौजदारी न्यायालयासमोरचा प्रश्न ‘याने केलं का?’ एवढाच नसतो. ‘याने केलं, हे सरकार पक्षाने वाजवी संशयापलीकडे सिद्ध केलं का?’ हा खरा प्रश्न असतो. १९७३ साली शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे अंतर सांगितलं. दोष देण्यासाठी आरोपी दोषी ‘असू शकतो’ एवढं पुरत नाही, तो दोषी ‘असलाच पाहिजे’ इथवर पुरावा पोचावा लागतो. आपल्या बोलीत सांगायचं तर ‘केलं असेल’ आणि ‘केलंच आहे’ यांच्यामधलं हे अंतर आहे. सरकार पक्षाला ते पुराव्याने भरून काढावं लागतं. ते भरलं नाही तर आरोपी सुटतो. बोबडे निकालात न्या. कृष्ण अय्यर यांनी दुसरी बाजूही तितक्याच जोरात मांडली होती. संशयाच्या फायद्याची अवास्तव भक्ती करून प्रत्येक बारीक शंकेपायी गुन्हेगार सोडू नयेत, असं त्यांनी बजावलं, आणि त्या खटल्यात आरोपींची शिक्षा कायमही झाली. म्हणजे ‘संशय’ हा शब्द न्यायालय उगाच वापरत नाही. संशय वाजवी असावा लागतो, पुराव्यातून आलेला असावा लागतो.

आणि ‘फायदा’ म्हणजे मेहेरबानी नव्हे. एका निकालानंतर आरोपीचे वडील न्यायाधीशांच्या दालनाबाहेर हात जोडून उभे राहिले होते. मी विचारलं, ‘काका, इथे कशाला थांबलात?’ ते म्हणाले, ‘साहेबांनी पोराला फायदा दिला, पाया पडतो.’ त्यांना समजावताना माझा गळा दाटून आला होता. साहेबांनी काहीही दिलेलं नव्हतं. सरकार पक्षाला जे सिद्ध करायचं होतं ते झालं नाही, म्हणून मुलगा सुटणं हा त्याचा हक्क होता. इंग्रजीतल्या ‘बेनिफिट’चं मराठीत ‘फायदा’ झालं आणि फायदा म्हटलं की आपल्या मनात लगेच कुणीतरी देणारा आणि कुणीतरी घेणारा उभा राहतो. ‘संशय राहिल्याने निर्दोष’ असं लिहिलं असतं तर त्या काकांना बाहेर ताटकळत उभं राहावं लागलं नसतं.

गावात म्हणतात ते ‘सुटला पण बाइज्जत नाही’ हा कायद्यातला निकालच नाही. स्कॉटलंडमध्ये मात्र शेकडो वर्षं असा तिसरा निकाल होता : दोषी, निर्दोष आणि ‘सिद्ध झाले नाही’. या तिसऱ्या निकालाने माणूस सुटायचा, पण लोकांच्या मनात संशय राहायचा. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने हा तिसरा निकाल रद्द करणारा कायदा संमत केला. आपल्या प्रक्रिया संहितेत पहिल्यापासून दोनच निकाल आहेत, दोषसिद्धी आणि निर्दोष मुक्तता. गावकीच्या पारावर तिसरा निकाल तयार होतो, तो कायद्याला ठाऊक नाही. ‘बाइज्जत बरी’ हे शब्द हिंदी सिनेमातून आले. ‘सन्मानपूर्वक निर्दोष’ असा प्रकारही संहितेत नाही. सर्वोच्च न्यायालयाने समुथिरम खटल्यात, म्हणजे तमिळनाडूतल्या एका पोलिसाच्या प्रकरणात, हेच सांगितलं : ‘सन्मानपूर्वक मुक्तता’, ‘पूर्णतः कलंकमुक्त’ हे शब्द प्रक्रिया संहितेत किंवा दंड संहितेत नाहीत, ते न्यायालयांच्या निकालांतून आलेले आहेत. पण नोकरीच्या प्रश्नात याच शब्दांना वजन येतं. त्याकडे पुढे वळतो.

त्याआधी निकालपत्र वाचायला का हवं, ते सांगतो. मुंबईत १९५९ साली नौदल अधिकारी कावस नानावटी यांच्या खटल्यात ज्यूरीने, म्हणजे कौल देण्यासाठी बसवलेल्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, आठ विरुद्ध एक मतांनी ‘निर्दोष’ म्हटलं. ज्यूरीला कारणं द्यावी लागत नसत. नुसता शब्द सांगायचा आणि विषय संपायचा. सत्र न्यायाधीशांना तो कौल पुराव्याच्या विरुद्ध वाटला, म्हणून त्यांनी त्या वेळच्या कायद्याप्रमाणे प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी धरून जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली ती कायम केली. (पुढे राज्यपालांनी त्यांना माफी दिली. माफी म्हणजे निर्दोष मुक्तता नव्हे. तीत दोष तसाच राहतो, शिक्षा तेवढी माफ होते.) आज आपल्याकडे ज्यूरी नाही. न्यायाधीशांना निर्दोष सोडतानाही मुद्दे काढून, प्रत्येक साक्षीदाराची चर्चा करून, कारणांसह लिहावं लागतं. कोणत्या गुन्ह्यातून मुक्त केलं तेही निकालात नमूद करावं लागतं. शेवटच्या आदेशातली ओळ सगळ्या निर्दोष मुक्ततांमध्ये जवळजवळ सारखीच असते. फरक त्याआधीच्या पानांत असतो, आणि तुमच्या भावाचं भवितव्य त्याच पानांवर ठरणार आहे.

ती पानं किती वेगवेगळी असू शकतात, ते सांगतो. १९८४ सालचा शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा खटला परिस्थितीजन्य पुराव्याचा होता. सर्वोच्च न्यायालयाने तिथे पाच कसोट्या घालून दिल्या. वकील त्यांना पंचशील म्हणतात. पुराव्याची साखळी इतकी सलग हवी की आरोपी निर्दोष असण्याची कोणतीही वाजवी शक्यता उरू नये. उच्च न्यायालयापर्यंत दोषी ठरलेला आरोपी तिथे सुटला, कारण साखळीत तुटलेल्या कड्या सापडल्या. आणि दुसरं प्रकरण मला कधीच विसरता येत नाही. २००३ सालच्या महाराष्ट्रातल्या एका अत्यंत क्रूर गुन्ह्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना फाशीची शिक्षा झाली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती, सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सहाही जणांना फाशी दिली. मग पुनर्विचार झाला आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. तपासातल्या चुकांवर कठोर शब्दांत बोट ठेवून प्रत्येकाला ५ लाख रुपये भरपाई द्यायचा आदेश राज्य सरकारला दिला. सोळा वर्षं तुरुंगात गेलेली होती, त्यातली कित्येक फाशीच्या सावलीत. त्या सहा जणांच्या बाबतीत ‘सुटले, पण…’ असं म्हणण्याची कुणाची हिंमत होईल?

दुसऱ्या टोकाला रोजच्या कोर्टातलं चित्र आहे. फिर्यादी पिंजऱ्यात येतो आणि म्हणतो, ‘मला काही आठवत नाही.’ सरकारी वकील त्याला फितूर घोषित करून उलटतपासणी घेतात, तो ढिम्म हलत नाही. बाहेर गावकीत तडजोड झालेली असते, हे सगळ्यांना माहीत असतं. आरोपी सुटतो. आदेशातली ओळ तीच, ‘निर्दोष मुक्त करण्यात येते’. कायद्याच्या नजरेत हाही पूर्ण निर्दोष. पण निकालपत्र वाचणाऱ्याला फरक कळतो, आणि नोकरी देणारा अधिकारी ते वाचतो.

तुमच्या भावाच्या प्रकरणासारखी बांधाची भांडणं मी शेकडो पाहिली आहेत. दोन्ही बाजूंनी परस्परांवर फिर्यादी, साक्षीदार बहुतेक भाऊबंद, स्वतंत्र साक्षीदार कुणी नाही. ३२४ मध्ये घातक हत्याराने दुखापत सिद्ध व्हावी लागते. काठी किंवा कुऱ्हाड जप्तीचा पंच म्हणतो, ‘सही पोलीस ठाण्यात केली.’ डॉक्टर म्हणतात, ‘पडल्यानेही अशी जखम होऊ शकते.’ फिर्याद उशिरा दिलेली असते आणि उशिराचं कारण नसतं. या सगळ्याची चर्चा करून न्यायाधीशांनी संशयाचा फायदा दिला असेल, तर तो निकाल ‘सगळे फितूर झाले’ म्हणून आलेल्या निकालापेक्षा कितीतरी भक्कम आहे. म्हणून आधी प्रमाणित नक्कल घ्या आणि कारणांची पानं नीट वाचा. वकिलांकडे असलेली साधी झेरॉक्स पुरणार नाही.

आता भरती. इथे कायदा तुमच्या भावाच्या बाजूने पूर्ण झुकलेला नाही, हे मी लपवणार नाही. २०१३ सालच्या मेहेर सिंग प्रकरणात दिल्ली पोलीस भरतीतल्या उमेदवारांचा प्रश्न होता. तडजोड किंवा फितुरीने सुटलेल्या उमेदवाराला पोलीस दलात घ्यायचं की नाही हे छाननी समिती पाहू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. नुसती निर्दोष मुक्तता झाली म्हणजे नोकरीचा हक्क मिळाला असं नाही. पोलीस दलात शिस्त आणि सचोटी जास्त कसोशीने पाहिली जाते. मग २०१६ साली अवतार सिंग विरुद्ध भारत संघ या खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने या विषयातले बरेच धागे एकत्र आणले. उमेदवाराने खटल्याची, अटकेची, निर्दोष मुक्ततेची माहिती खरी द्यावी. खरी माहिती दिल्यावरही नियोक्ता पूर्वेतिहास तपासू शकतो. पण किरकोळ स्वरूपाचा गुन्हा असेल तर त्याच्याकडे दुर्लक्ष करण्याचा विवेक तो वापरू शकतो. गंभीर किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तांत्रिक कारणाने सुटलेल्याचा वेगळा विचार होऊ शकतो. समुथिरम निकालातही एक कसोटी आहे : सगळा पुरावा तपासून सरकार पक्ष आरोप सिद्ध करण्यात सपशेल अपयशी ठरला, असा निष्कर्ष असेल तर ती मुक्तता सन्मानपूर्वक म्हणता येते. आणि डिसेंबर २०२३ मध्ये राम लाल विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात, एका बडतर्फ कॉन्स्टेबलच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट सांगितलं. ‘संशयाचा फायदा’ किंवा ‘सन्मानपूर्वक’ हे शब्द म्हणजे मंत्र नव्हेत, निकालाचा गाभा काय आहे ते पाहा. त्या निकालात विभागीय चौकशी आणि फौजदारी खटला यांतला पुरावा जवळजवळ तोच होता, आणि त्या कॉन्स्टेबलला सेवेत परत घेण्याचा आदेश झाला. तुमच्या भावाला कधी वाद घालावा लागला, तर हा निकाल वकिलांना आधी दाखवा.

म्हणून अर्जात काय लिहायचं याला माझं उत्तर एकच आहे : सगळं लिहायचं. मी लपवणाऱ्यांची प्रकरणं हाताळली आहेत. खटला किरकोळ होता, सुटकाही झाली होती, पण ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का?’ या रकान्यात ‘नाही’ लिहिलं आणि नेमणूक गेली. माहिती लपवली हाच मग मुख्य आरोप होतो. त्या मुलांना मी वेळेत भेटलो असतो तर, असं आजही वाटतं. रकाना नीट वाचा. ‘शिक्षा झाली आहे का?’ याचं उत्तर ‘नाही’. ‘खटला प्रलंबित आहे का?’ याचंही ‘नाही’. पण ‘गुन्हा दाखल झाला होता का, अटक झाली होती का?’ याचं उत्तर ‘होय’, आणि पुढे साधी ओळ : अमुक पोलीस ठाण्याचा गुन्हा क्रमांक इतका, खटला क्रमांक इतका, प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी, अमुक यांच्या न्यायालयाने अमुक तारखेला कलम २४८(१) अन्वये निर्दोष मुक्तता केली, निकालाची प्रमाणित प्रत सोबत जोडली आहे. बाइज्जत, सन्मानपूर्वक असे शब्द स्वतःहून घालू नका. निकालपत्रात सरकार पक्षाचं अपयश स्पष्ट लिहिलेलं असेल, तर ते वाक्य ज्या परिच्छेदात आहे त्याचा क्रमांक द्या.

आणखी एका गोष्टीवर मला जोर द्यायचा आहे, कारण दर महिन्याला कुणीतरी यात फसलेला भेटतो. ‘सोडून दिलं’ या बोलीतल्या शब्दाखाली पाचसहा वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. पोलिसांनी तपासाअंती समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, न्यायालयाकडे पाठवली असेल तर ती मुक्तता नव्हेच. महाराष्ट्रात ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी सापडला नाही, ‘ब’ म्हणजे फिर्याद द्वेषाने खोटी दिलेली, ‘क’ म्हणजे गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाच्या वादातून दिलेली. उच्च न्यायालयाने गुन्हा रद्द केला तर तीही निर्दोष मुक्तता नाही, गुन्हाच राहत नाही. तडजोडयोग्य गुन्ह्यात रीतसर तडजोड झाली तर कलम ३२० प्रमाणे तिचा परिणाम निर्दोष मुक्ततेचा होतो. सरकारी वकिलांनी खटला मागे घेतला आणि तोपर्यंत आरोप निश्चित झाले नसतील तर डिस्चार्ज, झाले असतील तर निर्दोष मुक्तता. चेक न वटल्याच्या खटल्यात तक्रारदार तारखेला आलाच नाही तर दंडाधिकारी आरोपीला निर्दोष सोडू शकतात.

सगळ्यात घातक मात्र ‘दंड भरला आणि मोकळा झालो’ हे. जुगाराची धाड, किरकोळ मारामारी, सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, अशा केसमध्ये एखादा कारकून किंवा ओळखीचा माणूस सांगतो, ‘कबूल करून टाक, शेदोनशे दंड भर, तारखा वाचतील.’ तरुण पोरगा सही करतो. ती दोषसिद्धी असते, शिक्षा झाल्याची नोंद असते. पाच वर्षांनी भरतीत ‘शिक्षा झाली का?’ या रकान्यापुढे त्याला ‘होय’ लिहावं लागतं. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, परिवीक्षा अधिनियमाखाली सोडलं तरी दोष सिद्ध झालेलाच असतो. त्या कायद्याचं कलम १२ अपात्रतेपासून काही संरक्षण देतं, पण ‘मी निर्दोष सुटलो’ असं म्हणता येत नाही. तुमच्या भावाने पाच वर्षं तारखा सोसून खटला लढवला, कबुली दिली नाही, हे त्याने फार मोठं काम केलं. तेव्हा घरात त्रास वाटला असेल, आज तोच निकाल त्याच्या हातात आहे.

आता पुढे काय होऊ शकतं ते. निर्दोष मुक्ततेविरुद्ध सरकार अपील करू शकतं. २००९ च्या अखेरीस लागू झालेल्या दुरुस्तीनंतर पीडितालाही अपिलाचा हक्क मिळाला आहे. पण अपिलात आरोपीची बाजू आधीपेक्षा भक्कम असते. २००७ सालच्या चंद्रप्पा विरुद्ध कर्नाटक राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निर्दोषत्वाचं गृहीतक आता दुहेरी होतं : एक मुळातलं, जे प्रत्येक आरोपीला असतं, आणि दुसरं खालच्या न्यायालयाच्या निकालाने घट्ट झालेलं. पुराव्यातून दोन निष्कर्ष निघत असतील तर अपील न्यायालय सहसा मुक्ततेत हात घालत नाही. अपिलाऐवजी पुनरीक्षण अर्ज (खालच्या निकालात कायद्याची चूक झाली का हे तपासण्यासाठी वरच्या न्यायालयात केलेला अर्ज, ‘रिव्हिजन’) आला तर मुक्ततेचं थेट दोषसिद्धीत रूपांतर करता येत नाही, तसं बंधनच संहितेत आहे. निकालाआधी तुमच्या भावाकडून जामीनदारासह बंधपत्र घेतलं असेल. ते कलम ४३७ अ चं असतं आणि सहा महिने लागू असतं, जेणेकरून वरच्या न्यायालयाची नोटीस आली तर तो हजर राहील. निकालानंतरही जामीनदार का, म्हणून लोक घाबरतात. घाबरू नका.

दिवाणी दावा मात्र वेगळा चालतो. समोरच्याने नुकसानभरपाईचा किंवा बांधाच्या हद्दीचा दावा केला असेल, तर तिथे ‘वाजवी संशयापलीकडे’ ही कसोटी नसते. कुणाची बाजू जास्त संभवनीय हे पाहिलं जातं. म्हणून फौजदारीत सुटला तरी दिवाणीत हरू शकतो. अपघाताच्या प्रकरणांत हे नेहमी घडतं : ड्रायव्हर निर्दोष सुटतो, तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई मंजूर करतं. यात विसंगती नाही, दोन्हीकडच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. पासपोर्टसाठी प्रलंबित खटला अडचणीचा ठरतो, तुमच्या भावाचा आता प्रलंबित नाही.

‘संशयाचा फायदा’ हे शब्द निकालातून काढून घेता येतील का, असंही कुणी विचारेल. नुसते शब्द बदलण्यासाठी अपील करण्याची तरतूद संहितेत नाही. उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारात निकालपत्रातले शेरे काढण्याची मागणी करता येते, पण ती विरळ प्रकरणांत मान्य होते. तुमच्या भावाच्या केसमध्ये मी त्या वाटेला जाणार नाही. खरं काम निकालाआधीच करावं लागतं. ज्यांचा खटला अजून चालू आहे त्यांच्या वकिलांनी लेखी युक्तिवादात प्रत्येक मुद्द्यावर स्वतंत्र निष्कर्ष मागावा : हत्यार जप्ती सिद्ध नाही, घटनास्थळ सिद्ध नाही, फिर्यादीची साक्ष विश्वासार्ह नाही. न्यायाधीश मग तसे निष्कर्ष लिहितात, आणि शेवटी ‘संशयाचा फायदा’ हे शब्द आले तरी त्यांच्याआधीची पानं बोलतात.

उद्याच कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज द्या. निकालपत्र, दोषारोपपत्र आणि फिर्याद या तिन्हींच्या किमान दोन दोन प्रमाणित प्रती मागा. चारित्र्य पडताळणीच्या वेळी पोलीस ठाण्यातल्या नोंदीत निकालाची माहिती चढली आहे का तेही पाहा. अनेकदा तिथे गुन्हा नोंदलेला असतो आणि निकाल चढवलेला नसतो. तसं असेल तर एका साध्या अर्जासोबत निकालाची प्रमाणित प्रत ठाण्यात द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या.